एक शिंपला की दोन

ट्रेमध्ये कालवांचे त्रेचाळीस जीवाश्म होते. पंचवीस रुंद, पसरट, बशीसारखे. सतरा लांब, अरुंद. उरलेला एक खाली बशी आणि वर जीभ, असा काटकोनात वळलेला.

प्रबंधासाठी ही कालवं मोजत बसलेल्या तिची झोप त्या एकानेच उडवली होती. रुंद आणि लांब अशा दोन प्रजाती नाहीतच, असं तिचं म्हणणं. टणक तळावर कालव ऐसपैस पसरतं. तेच गाळात सापडलं, की गाडलं जाऊ नये म्हणून वर वर वाढतं. पण लांब प्रजातीला नाव दिलं होतं ते तिच्याच सरांनी, तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हा.

"अगं, दोन आहेत ती," सर तो वळलेला नमुना फिरवत म्हणाले. "जुन्या शिंपल्यावर नवं कालव चिकटलंय. नेहमीचंच आहे त्यांचं."

"कापून बघू या?"

"एकुलता एक नमुना आहे. दोन निघाली तर नमुनाही जाईल आणि तुझा प्रबंधही."

"आणि एकच निघालं तर?"

सरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. "तर माझी प्रजाती जाईल. काका, लावा करवत."

दगड कापणारे काका हसले. "मोजपट्टीबाई, एकदा पातं टेकलं की 'थांबा काका' चालायचं नाही हं!"

तिने नमुना त्यांच्या हातात ठेवला.

पात्यावर पाण्याची धार सुटली. चार मिनिटांत शिंपल्याच्या दोन फाका तिच्या तळहातावर आल्या, ओल्या, गार. तिने भिंग धरलं.

तळाशी थर आडवे होते, मिटलेल्या वहीच्या पानांसारखे. मग बाहेरून राखाडी गाळ सुरू झाला होता, आणि नेमका तिथूनच एकेक थर वर वळला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळ चढत गेला, आणि ना हात, ना पाय, जागचं हलताही न येणारा हा जीव स्वतःचंच घर उंच करत राहिला.

"बोल की!" सर म्हणाले.

तिने भिंग सरांकडे दिलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"नाकातोंडाशी आला होता गं गाळ याच्या," ते हळूच म्हणाले. मग वही ओढून पेन्सिल उचलली. "मोज तू. मी लिहितो."

थर तेवीस. पहिले नऊ आडवे, पुढचे चौदा उभे. वळणापाशी खंड: शून्य. कालव: एक.