दोन दारांची झोपडी

मी एक जुनी झोपडी आहे, मित्रांनो. आता मला पाहून तुम्ही हसाल, कारण छप्पर कधीच गेलं, भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या आणि डोक्यावर गवत वाढलंय. लांबून मी नुसती टेकाडासारखी दिसते. पण माझं गवत बघा तरी! चारी बाजूंना मैलोन् मैल तपकिरी, ओला माळ आणि मधोमध मी हिरवीगार. ही हिरवळ फुकटची नाही बरं. शेकडो उन्हाळे गाई या जागी रवंथ करत बसल्या, त्यांच्या शेणाची ही पुण्याई आहे.

उत्तरेच्या गार समुद्रातल्या आमच्या लुइस बेटावर झाडं नाहीत. म्हणून मला दगडांनी आणि मातीच्या ढेपांनी बांधलं. बांधणारीचं नाव मर्डिना. घरातली पुरुषमाणसं मासेमारीला गेली होती, तेव्हा तिने आणि तिच्या जावेने आठ दिवसांत मला उभी केली. भिंत दुहेरी, मधे माती ठासून भरलेली. वारा आत शिरेल तर शपथ! आणि समोरासमोर दोन दारं. एवढ्याशा खोपटाला दोन दारं कशाला, असं तुम्हीही म्हणाल. अहो, आमच्याकडे वारा सकाळी पश्चिमेचा असतो तर दुपारी पूर्वेचा. ज्या बाजूने वारा येईल ते दार माळावर उगवणाऱ्या हेदरच्या काटक झुडपांनी गच्च बुजवायचं आणि दुसऱ्याने ये-जा करायची. वारा फिरला की झुडपं उचलून तिकडे लावायची. गोष्ट साधी, पण सुचायला डोकं लागतं. माझ्याखाली माझ्या आईचे, म्हणजे माझ्याआधीच्या झोपडीचे, दगड आहेत, तिच्याखाली आजीचे. त्या दोघींनाही दोन दारं होती.

मे महिना आला की सगळं गाव गाई घेऊन शरदापर्यंतच्या चराईसाठी वर माळावर यायचं. पुरुष छपराची लाकडं खांद्यावर आणायचे. ती लाकडं समुद्रातून वाहून आलेली, सोन्यासारखी जपलेली. ती चढवून, वर मातीच्या ढेपा अंथरून ते खाली परतायचे आणि बायका-पोरी मागे राहायच्या. काय एकेक पोर होती! पाठीवर टोपली, पाय अनवाणी, हातात विणकाम. चिखलातून चालताना एक टाका सुटायचा नाही. पहाटे दूध काढायच्या, दुपारी लोणी काढायच्या, आणि जवाची भाकरी न् खारवलेला मासा खाऊन इतक्या हसायच्या की माझ्या छपरातली माती खाली पडायची. मला त्यांचा फार अभिमान होता. अजूनही आहे.

त्यांतलीच एक डोलिना, मर्डिनाची पणती. सात वर्षांची असताना पहिल्यांदा आली आणि पंधराव्या वर्षी चार गाई एकटीने सांभाळू लागली. साय धरायला ती आईचा लग्नातला वाडगा वापरायची. पसरट, पांढरा, निळ्या फुलांचा. झोपायच्या ओट्याच्या उशाशी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो असायचा. मांजर आलं तर झोपेतही हात लांबवून हाकलता यायचं.

त्या वर्षी शरदात पाऊस लवकर लागला. बाप छपराची लाकडं उतरवत ओरडत होता, "आटपा! आटपा! ओढ्याला पाणी चढेल!" डोलिनाने वाडगा हातात घेतला, घसरड्या वाटेकडे पाहिलं आणि परत कोनाड्यात ठेवला. तोंडाशी चपटा दगड लावला, वर मातीची ढेप दाबली. "मे महिन्यात लागणारच आहे की," असं स्वतःशीच म्हणाली आणि धावत गेली.

त्या मे महिन्यात कोणीच आलं नाही. पुढच्याही नाही. गाई विकल्या, असं येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळलं. डोलिना मुख्य भूमीवर मासे साफ करायच्या कामाला गेली आणि तिथलीच झाली. मी वाट पाहिली. छप्पर नसलेल्या झोपडीला दुसरं काम तरी काय असतं? मेंढ्या येऊन बसायच्या. माती सरकली, दगड ढासळले, गवताने सगळं झाकलं. एक सांगते, मित्रांनो, वाईट वाटायचं. पण कोनाड्यातला वाडगा मी ओला होऊ दिला नाही.

डोलिना बेटावर परत आली ती केस पांढरे झाल्यावर, काठी टेकत. भावाच्या मुलाकडे, टॉर्किलकडे राहू लागली. टॉर्किल गावच्या चराई मंडळाचा चिटणीस. माणूस भला, पण घाईचा. वाळवून जळण म्हणून वापरतात ती काळी माती माळावरून आणायला गावाला रस्ता हवा होता, आणि रस्त्याखाली घालायला दगड हवे होते.

त्याने मला पाहिलं. "इथेच आहेत की दगड," तो म्हणाला. "मेंढ्यांचा जुना वाडा दिसतोय. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. झोपडीला कधी दोन दारं असतात का?"

घ्या! मर्डिनाचा खापरपणतू, आणि खापरपणजीचं घर ओळखेना! मला तोंड असतं तर चांगली झाडली असती. शुक्रवारी ट्रॅक्टर येणार असं ठरलं.

नियमाप्रमाणे आधी जुन्या अवशेषांची पाहणी करायला एक तरुण बाई आली, ऊना. तिच्याकडे एकच दिवस होता. आणि टॉर्किलच्या गाडीतून, तो नको नको म्हणत असताना, डोलिनाही आली. गाडी थांबली तिथून माझ्यापर्यंत ती अर्धा तास चिखल तुडवत चालली. त्र्याऐंशी वर्षांची!

"हीच माझी झोपडी," ती धापा टाकत म्हणाली. "हिचे दगड काढाल तर खबरदार."

"आत्या, तुझी झोपडी पलीकडच्या टेकाडावर होती. नकाशात खूण आहे तशी."

"नकाशा काढणारा आमच्याकडे ताक प्यायला आला होता का रे?"

"अगं, पण तू विसरतेस हल्ली. परवा किटली चुलीवर ठेवून कोंबड्यांकडे गेलीस. किटली जळून कोळसा झाली."

टॉर्किलने काही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, पण डोलिनाचा चेहरा एवढासा झाला. घरात, गावात, सगळीकडे हल्ली तिला हेच ऐकावं लागत होतं. माझे दगड जाणार होते ते होतेच. पण तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती, ते तिला जास्त लागलं.

ऊनाने आपली वही मिटली. गुडघ्यांवर बसून गवतावरून हात फिरवला आणि तिने कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं, "आजी, इथे झोपायचात तेव्हा डोकं कुठल्या भिंतीकडे असायचं?"

डोलिनाने काठी टॉर्किलच्या हातात दिली आणि ती सरळ ओल्या गवतावर आडवी झाली.

"आत्या! भिजशील ना!"

"भिजले तर वाळेन. गप बस."

तिने डोळे मिटले. जरा डावीकडे सरकली. "इथे माझी मावसबहीण शोनाग असायची. मेली लाथा मारायची." आणखी थोडी वर सरकली. मग डोळे न उघडता डावा हात डोक्यामागे लांबवला. बोटं गवतात शिरली, मातीत शिरली, आणि थांबली.

"पोरी, इथे खण. हळू हां."

मित्रांनो, मला खणत होते, पण दुखत नव्हतं. ऊनाने छोट्या थापीने गवत असं सोडवलं की मुळंसुद्धा तुटली नाहीत. खाली चपटा दगड लागला. तो बाजूला केला. आत कोरडा कोनाडा, आणि कोनाड्यात निळ्या फुलांचा पांढरा वाडगा.

टॉर्किल गुडघ्यांवर बसून आत डोकावला. ऊनाने वाडगा दोन्ही हातांनी उचलून डोलिनासमोर धरला. डोलिनाने डोळे उघडले, वाडगा पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला.

"हा टवका माझ्या हातचा नाही हं," ती म्हणाली. "शोनागचा."

आणि मग ती रडली. टॉर्किल तिच्याजवळ सरकला. "आत्या, पुन्हा नाही म्हणणार मी, विसरलीस म्हणून."

"म्हण की. किटली विसरलेच होते. ती गोष्ट वेगळी."

ऊनाने संध्याकाळपर्यंत एक हातभर खड्डा खणला. त्यात चुलींच्या राखेचे थर एकाखाली एक निघाले: माझे, माझ्या आईचे, आजीचे. तिने ते मोजले, रेखाटले, आणि मला 'दोन दारांची झोपडी' अशा नावानिशी कागदावर घेतलं. टॉर्किलने माझ्या अगदी जवळून जाणाऱ्या रस्त्याच्या खुंट्या स्वतः उपटून चाळीस पावलं लांब ठोकल्या. दगड दुसरीकडून आणायला त्याला दोन खेपा जास्त पडल्या, पण तो कुरकुरला नाही.

वाडगा संग्रहालयात ठेवावा, असं ऊनाला फार वाटत होतं.

"फोटो काढ, मापं घे, हवं तर आठवडाभर ठेव," डोलिना म्हणाली. "पण मग घरी आणून दे. त्या वेळी घरी गेल्यावर आईने कान पिळला होता माझा. म्हणाली होती, जा आणि माझा वाडगा घेऊन ये."

म्हणून सांगते, मित्रांनो, तुमच्या डोंगरावर कुठे चार दगड एका ओळीत दिसले, आसपासच्यापेक्षा हिरवं गवत दिसलं, तर दगड उचलायच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते किटली विसरले असतील, तरीही विचारा. आम्हा दगडांना बोलता येत नाही, त्यांना येतं, आणि ते काही कायमचे नसतात.

या मे महिन्यात डोलिना पुन्हा आली. वाडगा बरोबर होता, आणि त्यात साय. ती माझ्या ओट्यावर बसली आणि तिने वाडगा कोनाड्यात ठेवला, थोडा वेळ, उगीच. पश्चिमेचा वारा सुटला होता. टॉर्किलने बोट ओलं करून हवेत धरलं, हेदरची झुडपं उपटून आणली आणि माझं पश्चिमेचं दार गच्च बुजवलं. छप्परच नाही तर दार बुजवून काय होणार? वारा वरून येतच होता. पण घरी निघाली तेव्हा डोलिना माझ्या पूर्वेच्या दारानेच बाहेर पडली, आणि तिच्यामागून टॉर्किलही.