मधोमध उभा काटा

लहानपणी गाडीत तिची जागा ठरलेली होती आणि कामही. जागा बाबांच्या शेजारची, काम इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायचं. दादा मागच्या सीटवर लोळत असायचा, कारण त्याला कुणी काम सांगत नसे आणि सांगितलंच तर तो करत नसे. बाबा मध्येच विचारायचे, "किती?" ती पुढे वाकून म्हणायची, "चाळीस." मग बाबा म्हणायचे, "शाब्बास!" इंजिन थंड असताना काटा वर चढतो, तापल्यावर गाडी उभी केली की खाली येतो, आणि फारच खाली गेला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची, कारण तेल इंजिनात पोचत नसतं. एवढं तिला पाढे येण्याआधी येत होतं. घरात तिचं नावच पडलं होतं, काटेवाली.

बाबा जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचे. पंपाच्या, पंख्याच्या, पिठाच्या चक्कीच्या. तांब्याची वेटोळी भरायची, पांढऱ्या दोऱ्याने आवळून बांधायची, वर वार्निशचा हात फिरवायचा. दोऱ्याची त्यांची गाठ वेगळीच होती, दोन वेढे उलटे आणि एक सुलटा. ती गाठ त्यांनी दादाला शिकवून पाहिली आणि नाद सोडला. तिला एका दुपारीत आली.

थकल्यावर त्यांनी वाटण्या केल्या. दुकान आणि वरचं घर दादाला, गाडी तिला. कुणाचं पारडं जड झालं हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण ती चकार शब्द बोलली नाही. बाबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवत म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. डोळे मिटून चालव." तिने खरंच डोळे मिटले. हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडली आणि दूरदूरच्या वस्त्यांमधल्या पेशंटांना घरी जाऊन बघायचं काम सुरू केलं. कुणाला तपासणीला न्यायचं असलं की याच गाडीत मागे आडवं निजवून न्यायची.

काही दिवसांनी तिला काहीतरी खटकायला लागलं. काटा फारच शहाण्यासारखा वागत होता. थंडीत मधोमध, चढावर मधोमध, तापून उभ्या राहिलेल्या गाडीतही मधोमध. लहानपणचा तो नाचरा काटा असा गुणी कधी झाला? एका दुपारी पेशंटच्या दारात थांबली असताना बातम्या ऐकायला म्हणून तिने नुसती किल्ली फिरवली. इंजिन बंदच होतं. काटा सावकाश उठला आणि आपल्या ठरल्या जागी जाऊन उभा राहिला. मेलेल्या माणसाची नाडी लागावी, तसं तिला झालं.

तरी पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच की काटा बिघडला असणार. गाडीचं वय झालं, काट्याचंही झालं. बाबांना सांगितलं तर चष्मा शोधत धावत येतील, म्हणून हसूही आलं. मग वाटलं, आपणच दुरुस्त करू आणि त्यांना दाखवू.

ओळखीच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये तिने बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या तेलाच्या सेन्सरची वायर उपटली. किल्ली फिरवली. काटा पुन्हा मधोमध.

"वायर काढली तरी हलत नाही?" मिस्त्री हात पुसत आले. "मग मध्येच कुठेतरी टेकलीय बघा, ताई."

ती डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवी झाली. तोंडात टॉर्च, मानेला रग. काट्याच्या मागून निघालेली वायर बोटाने चाचपत गेली, आणि बोट एका गुळगुळीत फुगवट्यावर थांबलं. वायर तिथे कापलेली होती. इंजिनाकडे ती जातच नव्हती. तिच्या टोकाला एक चिमुकला रेझिस्टर जोडून तो गाडीच्या पत्र्याला टेकवला होता, म्हणजे इंजिनात काही का होईना, काट्याला तिकडची खबरच लागू नये. दुसऱ्या कुणी वर चिकटपट्टी गुंडाळली असती. इथे मोटारीच्या वायरींवर चढवतात तशी नळीदार स्लीव्ह चढवली होती. तिच्यावर पांढरा दोरा होता, दोन वेढे उलटे, एक सुलटा. वर वार्निशचा हात.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. दादाचं काम असेल, असं म्हणून पाहिलं. पण दादाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. बाबांनी मन मारून, कुणाच्या तरी दबावाखाली केलं असेल, असंही म्हणून पाहिलं. पण इतकं जीव लावून केलेलं काम दबावाखाली होत नाही. लबाडीसुद्धा या माणसाने टापटीप केली होती.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "गाडी गळ्यात मारायची असली की करतात असं. पण एवढं सुबक काम नाही पाहिलं. कुणाचं हे?"

"आधीच्या मालकाचं."

"पक्का बेरकी दिसतोय."

तिला मिस्त्रींच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी सेन्सर काढून तिथे आपलं खात्रीचं मीटर बसवलं आणि इंजिन तापू दिलं. तापल्यावर मीटर तळाला गेलं. आतली बेअरिंगं झिजली होती आणि इंजिन कुठल्याही वळणावर जागच्या जागी जाम झालं असतं. मीटर काढून मिस्त्रींनी सेन्सर परत बसवला. तिने दोऱ्याची गाठ ब्लेडने कापली, इंजिनाकडची वायर काट्याला जोडली आणि सावकाश गाडी घेऊन तशीच दुकानाशी गेली.

"बाबा, चला, एक चक्कर मारू."

बाबा खुशीत शेजारी येऊन बसले. तिने किल्ली फिरवली. काटा खालीच पडून राहिला. इंजिन चालू झाल्यावर मात्र तो धडपडत वर आला. बाबांनी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"हवा छान पडलीय," ते म्हणाले.

तिने गाडी रस्त्यावर काढली. बाजाराचा रस्ता, शाळा, पाण्याची टाकी. इंजिन तापत गेलं. टाकीपाशी तिने गाडी कडेला घेतली, पण बंद केली नाही. काटा उतरायला लागला आणि आतून टकटक ऐकू यायला लागली.

"बंद कर," बाबा घाईने म्हणाले. "बंद कर आधी, इंजिन जाम होईल!"

इंजिनासाठी त्यांचा जीव असा कासावीस झाला होता. गेले कित्येक दिवस ती याच इंजिनाच्या भरवशावर आजारी माणसं घेऊन निर्जन रस्त्यांवरून फिरत होती. तेव्हा हा जीव कुठे होता?

"का केलंत, बाबा?"

ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. "दादाला ही गाडी दिली असती तर तो भांडला असता. सगळ्या गावाला ऐकवलं असतं. तू... तू समजून घेतेस."

"म्हणून मला?"

"सांगणारच होतो मी. कळलं तरी तू ओरडणार नाहीस, हे माहीत होतं."

ते खरंच होतं. ती आताही ओरडली नाही. आयुष्यभर समजून घेतलं, त्याची ही किंमत बाबांनी तिच्या मुठीत ठेवली होती, वरून मूठही मिटवून दिली होती. टकटक वाढत गेली. बाबांचा हात किल्लीकडे आला. तिने तो धरला आणि त्यांच्याच मांडीवर परत ठेवला.

"किती?" तिने विचारलं.

"अगं, बंद कर ना..."

"किती, बाबा?"

म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला आणि पुढे वाकून काट्याकडे पाहिलं.

"शून्य."

"शाब्बास," ती म्हणाली आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.