मेकाँगपुढची वाट

थायलंडातल्या आमच्या ताय दाम लोकांत मेलेल्याला पूर्वजांच्या गावाची वाट, एकेक मुक्काम सांगत, ऐकवतात. माझी थोरली बहीण केओ शवपेटीत होती आणि वाट सांगणारे थाओबाबा मेकाँग नदीपाशी अडले. पुढचं गाव त्यांना आठवेना. आमची आई गेली तेव्हा मीही ती वाट ऐकली होती, पण रडण्याच्या भरात काहीच ध्यानात राहिलं नाही.

केओचा मुलगा इतिहास शिकवतो. "तू तरी सांग रे," मी विनवलं.

"मावशी, जुन्या पुस्तकात आपण पार उत्तरेच्या अल्ताई डोंगरातून आलोत. नव्यात म्हणतात, इथलेच."

"मग तुझ्या आईला कुठं धाडू? पुस्तकात?"

तो मान खाली घालून रडू लागला. बाहेर चिता रचून झाली होती.

मी पेटीवर वाकले. "ताई, नदीपाशीच थांब. एकटी पुढं जाऊ नकोस. मी येतेच."