ओरिजिनल कुणाचं?

मी बोलतेय. मातान्सास गावात, बेरसायेसच्या चढावर सोराइदाबाईंच्या दारात उभी असते ना, ती हिरवी शेवरोले. हिरवी म्हणजे आत्ता हिरवी. खाली निळा थर आहे, त्याखाली पांढरा, आणि अगदी तळाला पुन्हा हिरवाच. पण तो हिरवा वेगळा होता. आमच्यासारख्या जुन्या, गोल पाठीच्या गाड्यांना इथं सगळे 'बदाम' म्हणतात. त्याचा मला राग नाही. बदाम तर बदाम. माझा गोंधळ निराळाच आहे, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

दारात उभं राहून राहून मला एक खोड लागलीय. कुणाच्या घरी कॉफीला साखर उरली नाही, कुणाचं डुक्कर कुणाच्या अंगणात शिरलं, कोणती सून कोणत्या सासूशी अबोला धरून बसलीय, सगळं मला कळतं. काचा खाली असल्या की ऐकू येतंच, त्याला मी काय करू? तर दुसऱ्यांच्या घरातलं मला पक्कं ठाऊक. माझं स्वतःचं तेवढं विचारू नका.

जन्म माझा समुद्रापलीकडचा. मोठ्या शेडमध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणी एका रांगेत उभ्या होत्या, एवढंच आठवतं. बोटीतून हवानाला आले आणि तिथून इथल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे. लावास्तीदा त्यांचं नाव. हातमोजे घालून मला चालवायचे आणि खड्डा दिसला की आधी मलाच 'माफ कर' म्हणायचे. मग एका वर्षी ते बायकामुलांना घेऊन देश सोडून गेले. जाताना किल्ली त्यांच्याकडे कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आलोच." अजून यायचेत.

त्या कवळीवाल्याचा मुलगा फेर्मीन. मी खरी वाढले ती त्याच्या हाताखाली. तोवर माझ्या छातीत जन्माचंच इंजिन होतं, सहा सिलिंडरचं, आवाज असा की मांजर मांडीवर बसून गुरगुरतंय. पण पलीकडून सुटे भाग यायचे बंद झाले. फेर्मीननं पुष्कळ दिवस तारा बांधून, पत्रे कापून रेटलं. शेवटी आंब्याच्या फांदीला साखळी लावून त्यानं ते इंजिन वर ओढून काढलं आणि रशियन व्होल्गा गाडीचं इंजिन माझ्यात बसवलं. मी जागी झाले आणि घसा साफ करायला गेले, तर आवाज भलत्याचाच. सुरू होताना दोनदा खोकायचं, मग चालायचं. जुनं इंजिन त्यानं ग्रीस फासून, ताडपत्रीत गुंडाळून समोरच्या ओर्तेन्सियाबाईंच्या पडवीत ठेवलं. त्याच्यावर त्यांच्या कोंबड्या झोपायच्या.

पुढच्याच वर्षी फेर्मीन माझ्यातून होबेयानोसला गेला आणि सोराइदाला लग्न करून घेऊन आला. पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर शिलाई मशीनचं मुंडकं घट्ट धरलेली, ती मला अजून दिसते. मायते पोटात असताना कळा सुरू झाल्या तेव्हाही मीच नेलं. आणि ती पोर रात्री झोपली नाही की फेर्मीन तिला मागं आडवी टाकून गल्लीला एक फेरी मारायचा. दोन खोकले आणि ती झोपलीच.

पुढं फेर्मीन वारला. मायते तोवर शाळेत भूगोल शिकवत होती. शाळा सोडून ती मला शेअर टॅक्सी म्हणून चालवायला लागली. डोक्यानं व्यवहारी पोर. पेट्रोल मिळेना, डिझेल कुठून तरी मिळायचं, म्हणून तिनं एका कोरियन व्हॅनचं डिझेल इंजिन माझ्यात बसवलं आणि वडलांचं व्होल्गा कानीमार नदीवरच्या एका कोळ्याला होडीसाठी देऊन टाकलं. आईला विचारलं नाही. आईही काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ती माझ्यात बसली नाही.

भांडण झालं असतं तर बरं होतं. पण सोराइदा पायीच जायला लागली. पावाला पायी, चर्चला पायी. गुडघा धरला तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्यात शेक घ्यायला बोलावलं, तर तिथंही पायी. मायते मला पहिल्या गिअरवर टाकून तिच्या शेजारून चालवायची. आत गिऱ्हाइकं बसलेली, गंमत बघत.

"आई, बस ना आत."

"मी ट्रकमध्ये बसत नाही."

"हा ट्रक आहे का?"

"मग असा बोंबलतो का?"

मागून एखादा म्हणायचा, "मावशी, बसा हो, तुमच्या गुडघ्यापायी आम्हाला उशीर होतोय." त्यावर ती फूटपाथवरून वळून म्हणायची, "उतर आणि चाल. बघ कोण आधी पोचतं." आणि खरंच, बऱ्याचदा तीच आधी पोचायची. पण घरी येऊन खुर्चीत बसली की तोंडाचा रंग उडालेला असायचा. मायते दारातून बघत राहायची. मग बाहेर येऊन माझ्या चाकाला लाथ घालायची. मला लागत नसे, पण वाईट वाटायचं.

एक दिवस चढावरच सोराइदा खाली बसली. ओर्तेन्सियाबाईंनी आणि मायतेनं धरून घरात आणली. मायते रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुला नक्की काय हवंय, एकदा सांग."

"ओरिजिनल इंजिन बसव परत," सोराइदा म्हणाली. "मग बसते."

झालं. मायतेनं टॅक्सी बंद केली. दुसऱ्या दिवशी ओर्तेन्सियाबाईंच्या पडवीतून कोंबड्या हुसकल्या गेल्या.

मेकॅनिक एलियादेस आला, ताडपत्री सोडली आणि डोक्याला हात लावून बसला.

"मायते, ऐक माझं. डिझेल आहे ते सोन्यासारखं आहे. पोट भरतंय तुझं. हे बसवलंस तर टॅक्सी विसर. हे पेट्रोल पाण्यासारखं पिणार."

"नवऱ्यामुलींची वरात नेईन. पंधराव्या वाढदिवसाला नवरीसारख्या नटलेल्या पोरींना फोटोला फिरवीन. तसल्या लोकांना जुनंच लागतं."

"जुनं बाहेरून लागतं गं. बॉनेट कोण उघडतंय?"

"आई उघडेल."

"तुझ्या आईनं जन्मात बॉनेट उघडलं नाही."

ओर्तेन्सियाबाई मध्येच म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांचं काय ते आधी बोला."

एलियादेस पुटपुटत कामाला लागला. ब्लॉक माझाच, पण आतल्या नळ्या त्यानं नव्या ओतून घेतल्या. पिस्टन ट्रॅक्टरचे होते ते घासून बसवले. कार्ब्युरेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. एका ठिकाणी तर स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरची रबरी रिंग कापून घातली. मी आत बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई, ह्यातलं माझं नक्की किती? आणि माझं जे म्हणतात तेही इतकी वर्षं कोंबड्यांखाली राहिलेलं. त्याला मी आठवत असेन का?

सुरू करायच्या दिवशी गल्लीतले डॉमिनोवाले डाव टाकून उठले. एलियादेसनं किल्ली फिरवली. एकदा नाही, दुसऱ्यांदा नाही, आणि तिसऱ्यांदा ते गुरगुरलं. तेच, मांजरासारखं. माझ्या अंगावरून काहीतरी सरसरून गेलं. ओळख पटली म्हणावं तर पटली, पण लहानपणची मैत्रीण म्हातारी होऊन दारात आली तर पटते तशी.

मायते आत धावली. "आई, बाहेर ये."

सोराइदा हाताला लागलेलं पीठ पुसत आली. ओट्यावर उभी राहिली. मान तिरकी करून ऐकलं.

"हे कोण?"

"ओरिजिनल, आई. पहिलं. जन्माचं."

"कुणाच्या जन्माचं?"

"गाडीच्या."

"मी गाडीचं कुठं म्हटलं? मी आपलं म्हटलं. आपलं ओरिजिनल."

एलियादेसनं किल्ली बंद केली. डॉमिनोवाले हळूच खुर्च्यांकडे वळले. मायते होती तिथं फूटपाथच्या कडेला बसली, ग्रीसचे हात गुडघ्यांवर तसेच.

"आई, ते व्होल्गाचं होतं. बाबांनी नंतर बसवलेलं."

"मी आले तेव्हा तेच होतं," सोराइदा म्हणाली. "त्याच्या आधीचं मला काय माहीत?"

"मला वाटलंच होतं," ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?"

आता ही बाई न विचारता एवढं बोलते की मला हसू आलं असतं. पण मायतेचा चेहरा बघून आलं नाही. खरं सांगू? सोराइदा 'ओरिजिनल' म्हणाली तेव्हा माझ्याही मनात पहिलंच आलं होतं. तिला माझ्यात पहिल्यांदा बसताना मी स्वतः पाहिलेलं, तरी.

मग सोराइदानं विचारलं, "ते कुठंय?"

"कानीमारला. गाउदेन्सियोच्या होडीत."

"चल."

"आत्ता? तिथवर कशी चालशील?"

सोराइदानं माझ्याकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, लग्न जुळवायला आलेल्या माणसासारखं. मग ओट्यावरून उतरली आणि मागचं दार उघडून बसली.

"पुढं बस ना, आई."

"हे इंजिन पाहुणं. पाहुण्याच्या गाडीत पुढं बसू नये."

दोन पूल ओलांडून आम्ही खाडीच्या कडेकडेनं गेलो. मायते आरशातून मागं बघत होती. सोराइदा खिडकीबाहेर बघत होती. गाउदेन्सियो नदीच्या तोंडाशी जाळं सारखं करत होता. आम्हाला बघून त्याला काय ते कळलं असावं, कारण तो उठून होडी आणि आमच्या मध्ये उभा राहिला.

"वहिनी, मायतेनं ते मला दिलंय. माझं सगळं त्याच्यावर चालतं."

"सुरू कर," सोराइदा म्हणाली.

त्यानं सुरू केलं. दोनदा खोकलं आणि लागलं. पाण्यात आवाज दबलेला येत होता, बुडबुड्यांसारखा. सोराइदानं तोंडावर हात धरला. आणि मी? इतकी वर्षं ते माझ्या छातीत होतं, आणि मला ते ओळखू येईना. बाहेरून मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

मायते जवळ गेली. "आई, त्याच्याशी बोलते मी. डिझेलचं त्याला देते, हे परत घेऊ."

गाउदेन्सियोनं होडीचा दोर हातात घट्ट धरला. सोराइदानं त्या दोराकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"सकाळी त्रास देतं का?"

"खोकतं. मग चालतं."

"तसंच होतं ते पहिल्यापासून. त्याला घाई केलेली आवडायची नाही. एक कप कॉफी होईपर्यंत सोडून द्यायचं." मग चपला काढून तिनं मायतेच्या हातात दिल्या. "मी बसते म्हटलं होतं ना? धर मला."

गाउदेन्सियोनं आणि मायतेनं दोन बाजूंनी धरून तिला होडीत उतरवलं. दुखरा गुडघा लाकडावर आपटला तरी ती थांबली नाही. इंजिनाच्या पेटीला टेकून, झाकणावर तळहात ठेवून बसली. होडी नदीच्या तोंडापर्यंत गेली, वळली, पुन्हा गेली. मायते काठावर माझ्या बॉनेटला टेकून, हातात आईच्या चपला घेऊन उभी. बॉनेट अजून तापलेलं होतं, तरी ती बाजूला झाली नाही.

परत आली तेव्हा सोराइदाचा झगा खालून भिजलेला होता. "राहू दे इथंच," ती मायतेला म्हणाली. "कामाला लागलंय. आणि पुढच्या वेळी मला विचार."

"विचारीन."

"ह्या पाहुण्याला चढ चढता येतो का बघू आता."

आला. दुसऱ्या गिअरवर, जरा धापा टाकत, पण आला.

आता दवाखान्यात सोराइदा माझ्यातून जाते. अजून मागंच बसते. मायते आग्रह करत नाही. डिझेलचं इंजिन ओर्तेन्सियाबाईंच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे आणि कोंबड्या पुन्हा आपल्या जागी. मायते नवऱ्यामुलींना नेते, मध्येच पेट्रोलवरून वैतागते, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आईला घेऊन कानीमारला जाते. तेव्हा मी काठावर उभी राहते आणि ऐकते. अजून ओळखू येत नाही. पण आवडतं.

गंमत बघा. हे इंजिन घरात सोराइदाच्या आधीचं, आणि तिच्या लेखी ते पाहुणं. मायतेच्या लेखी ते जन्माचं. एलियादेस म्हणतो निम्मं तर त्याचंच. आणि मी म्हणजे ह्यातली कोण, हे मला विचाराल तर मी काय सांगू? वरचा पत्रा? तोही रंगाच्या चार थरांखाली. कधी वाटतं मी होडीत आहे. कधी वाटतं कोंबड्यांखाली.

परवा दवाखान्याच्या दारात वरातीची गाडी ठरवायला आलेला एक नवरदेव बॉनेटवर हात ठेवून मायतेला म्हणाला, "ओरिजिनल का?" मायते मागं वळून म्हणाली, "आई, काय सांगू ह्यांना?"

सोराइदा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग, रुळतंय."

तुम्ही कधी ह्या चढावर आलात तर थांबा. बॉनेटवर हात ठेवायला माझी हरकत नाही, ऊन कमी असेल तर. पण तो प्रश्न मला घालू नका. मागच्या सीटवर एक बाई बसलेली असेल, तिला विचारा. दर वेळी ती वेगळं काहीतरी सांगते. काचा खाली असतील तर मीही ऐकेन म्हणते.