धरलेलं मनगट

पट्ट्याची गाठ तिनं अशी आवळली, जणू तो सरांचाच गळा होता.

"सर, तिसऱ्यांदा विचारतेय. ज्यूदोचा वर्ग कधी लावू?"

रिकाम्या हॉलच्या खिडक्या लावता लावता सर म्हणाले, "आधी कराटे तर मुरू दे."

मुरू दे! बारा वर्षं झाली. एवढ्यात लोणचंही मुरून, संपून, बरणी घासून ठेवली असती.

ती म्हाताऱ्यांच्या वॉर्डात परिचारिका होती. परवा एका विसराळू आजोबांनी चोर समजून तिचं मनगट धरलं आणि तिच्या नकळत दुसऱ्या हाताची मूठ थेट त्यांच्या नाकाशी जाऊन थांबली. आजोबा लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून त्यांना औषध देताना ती हातभर लांबच उभी राहायची. पुन्हा तसंच झालं आणि हात थांबला नाही तर?

"पण थांबली ना मूठ?" सर खुशीत म्हणाले. "यालाच म्हणतात ताबा."

"नशीब म्हणतात त्याला! मला नुसता हात सोडवता यायला हवाय, समोरच्याला न दुखवता."

"दोन डगरींवर हात ठेवू नये माणसानं."

म्हणी ऐकून ऐकून तिचं डोकं उठलं होतं. ती तरातरा गेली आणि तिनं सरांचं मनगट घट्ट धरलं.

"मी आजोबा. सोडवा. पण मला लागता कामा नये."

सर हसले. त्यांनी हात पिळला, ओढला, खांदा वळवून पाहिला. तिनं सोडला नाही. सरांचं हसू मावळलं आणि एकदम त्यांची दुसरी मूठ तिच्या बरगडीशी येऊन थांबली.

दोघंही त्या मुठीकडे बघत राहिले. सरांनी ती हळूहळू उघडली. पण बोटं अर्धीच सरळ झाली. इतकी वर्षं मुठी वळून ती तशीच राहिली होती. तिच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"उद्यापासून जा," सर खाली बघत म्हणाले.

तिला हायसं वाटलं, आणि रागही आला. हेच आधी सांगायला काय झालं होतं?

"कितव्या मजल्यावर आहे तो वर्ग?" मोकळा हात गुडघ्यावर ठेवत सरांनी विचारलं.

"तिसऱ्या. का?"

"लिफ्ट आहे?"

"तुम्हाला काय करायचंय, सर?"

"आहे की नाही, तेवढं सांग."

"आहे," ती म्हणाली, आणि मग तिनं त्यांचं मनगट सोडलं.