पहिला दाणा

गुरुवारी सकाळी नऊलाच रांग मांडवातून निघून सडकेपर्यंत आली होती. म्हसावदकडे जाणारे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून दमले, पण माणसं हलेनात. हलतील कशी? आत करणसिंग भगताच्या पाटावर ठेवलेला मोबाईल लोकांच्या मनातला प्रश्न न विचारता सांगत होता.

"हाऊ टॉवर कोना?" भगत ओरडायचा.

"आकाशना!" मांडव उत्तर द्यायचा.

"आकाश कोनं?"

"देवनं!"

"मंग मोबाईलमा कोन बोलस?"

यावर नुसता जयजयकार. टॉवर शाळेमागच्या टेकाडावर आहे आणि वीज गेली की तो देव दोन-दोन दिवस मुका होतो, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण जयजयकारात कोणाला काय आठवतं!

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. तमाशा बघायला मी गेलो नव्हतो. माझ्या सहावीतली रविना पंधरा दिवस वर्गात आली नव्हती आणि त्या रांगेत ती आईचा, सुंदरबाईचा, पदर धरून उभी होती. रविनाला सिकलसेल होता. आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. मुळापासून जाईल असं आमच्याकडे औषध नाही, पण सरकारी दवाखान्यातली गोळी रोज घेतली की पोरगी हसती-खेळती राहत होती. सुंदरबाईनं ती गोळीच बंद केली होती.

"तीन वरीस गोळी खाधी, गुरुजी. बरी व्हयनी का?" ती म्हणाली. "भगतना चूर्णनी एकवीस दिवसमा बरी व्हई. पण गोळीसंगे चूर्ण चालस नही."

"हे कोणी सांगितलं?"

"मोबाईलनी. पहिला दाणा तोच निंघना."

पहिला दाणा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे घरात दुखणं आलं की सुपात ज्वारी घेऊन भगताकडे जायची जुनी रीत. तो मंत्र म्हणत दाणे चाळतो आणि चिमटीत जो पहिला येतो त्यावरून निदान करतो. पहिला दाणा देवाचा, बाकीचे कोंबड्यांचे, असं म्हणतात. करणसिंगचा बापही दाणेच पाहायचा. पोरानं फक्त सूप बदललं. सर्चमध्ये जे सगळ्यात वर येतं तो पहिला दाणा, खालचं कोणी वाचायचं नाही.

आणि यात माझाही हात आहे. उन्हाळ्यात मीच गावातल्या बायकांचा नेटचा वर्ग घेतला होता. "प्रश्न टाका, उत्तर वरच येतं," असं याच तोंडानं मी सांगितलं होतं. खाली बघा, कोणी लिहिलंय ते बघा, हे पुढच्या तासाला सांगणार होतो. पुढच्या तासाला पेरणीचे दिवस लागले आणि एकही बाई आली नाही.

मांडवाच्या तोंडाशी भगताचा चेला रूपचंद बसायचा. खांबाला एक फोन बांधलेला. प्रत्येकानं माईकच्या खुणेवर बोट ठेवायचं, आपला प्रश्न हळूच त्यात सांगायचा, की देवाकडे नोंद झाली. रूपचंद त्या वेळी कानात कापसाचे बोळे घालून पाठ फिरवायचा. त्यामुळे त्यानं ऐकलं असं म्हणायची सोय नव्हती. आत भगत डोळे मिटायचा, दुसऱ्या मोबाईलवरून ज्वारी ओवाळायचा आणि एकही अक्षर न लिहिता सर्चच्या पांढऱ्या पट्टीवर नुसतं बोट ठेवायचा. खाली तुमचा प्रश्न, तुमच्याच शब्दांत, हजर! भगत तो स्वतः वाचतही नसे. गर्दीतल्या कोणालातरी वाचायला लावायचा. मला हे कोडं सुटत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

रविनाचा नंबर आला. तिनं खांबाजवळ जाऊन फोनला तोंड लावलं आणि काहीतरी पुटपुटली. आम्ही आत गेलो.

"आज त गुरुजी उनात!" करणसिंग खूश झाला. विज्ञानाचा मास्तर आयताच सापडला होता. त्यानं बोट टेकवलं आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "वाचा, गुरुजी. जोरमा वाचा."

मी जोरात वाचलं. "आमचा कोंबडा सरपंच होईल का?"

मांडव खदखदून हसला.

"कोन रे हाऊ लबाड?" भगत गरजला.

"मी विचारं," रविना म्हणाली. तिचा श्वास लागत होता, पण आवाज वर्गात उत्तर देतानाचा होता. "बाहेरना फोनमा जे बोलतस, ते ह्या फोनमा दिखस. दोन्हीसनं खातं एकच शे. आमना घरबी तसंच शे. बाबा गुजरातमा ऊस तोडाले गया. तो तठे फोनमा 'बैलबाजार' बोलस, आणि आठे मायना फोनमा पट्टीवर बोट ठेवं की 'बैलबाजार' दिखस."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सर्च आधीचे प्रश्न लक्षात ठेवतं. दोन फोनांत एकच खातं उघडलं की एकात विचारलेलं दुसऱ्यात दिसतं. देव नाही, मंत्र नाही, कापसाचे बोळे तर निव्वळ नाटक. मी मोबाईल हातात घेतला, सिकलसेल असं टाकलं आणि वर आलेल्या चूर्णाच्या नावाशेजारचा बारीक शब्द सगळ्यांना दाखवला. "प्रायोजित. म्हणजे जाहिरात. पैसे भरून वर बसवलेला दाणा आहे हा. देवानं नाही, करणसिंगनं ठेवलाय."

मला वाटलं, झालं. आता लोक घरी जातील.

"पैसा भरात म्हनजे खरंच व्हई," मागून कोणी म्हणालं. "खोटासाठे कोन भरी?"

"फोन एक ऱ्हावो का दोन," म्हातारी रुखमाबाई म्हणाली, "उत्तर त देवच देस ना?"

करणसिंग मुरलेला गडी. तो चिडला नाही. हात जोडून, डोळे मिटून म्हणाला, "पोरनी देवनी थट्टा करी. मी काय करू? आठ दिवस देखा."

ते ऐकून सुंदरबाईचा चेहरा उतरला. तिनं रविनाच्या मुस्काटात मारली, मग तिलाच पोटाशी धरून रडली आणि भगताच्या पाया पडून चूर्णाची आणखी एक पुडी घेऊन गेली.

मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. गावातल्या आशा सेविका ममताबाईंनाही पाठवलं. सुंदरबाई दर वेळी मान डोलवायची. "देस ना गोळी. कसाले देवाव नही?" रिकामं पाकीटही दाखवायची. ती दुष्ट नव्हती हो. तिला पोर बरी हवी होती, आणि मी फक्त जन्मभराची गोळी देत होतो. भगत एकवीस दिवसांत सुटका देत होता.

त्या आठवड्यात थंडी वाढली. सातव्या दिवशी रविनाची हाडं ठणकायला लागली, ताप चढला, छाती भरून आली. तिला आधी मांडवात नेलं. तिथून शहाद्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्याच्या दारातच ती गेली.

गावानं काय म्हणावं? "देखा, देवनी आठ दिवस सांगात." ज्या पोरीनं लबाडी उघडी पाडली, तिचंच मरण भगताचा पुरावा झालं. पुढच्या गुरुवारी रांग दुप्पट होती. मला इतका संताप आला की मांडव पेटवून द्यावा असं वाटलं. पेटवला नाही. त्यानं काय झालं असतं? दुसरा उभा राहिला असता.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. तिचा बाप दिवाल्या ऊसतोडीवरून आला होता. अंगणात बसून तो फोन हातात फिरवत होता. त्याला वाचता येत नाही, फोनशी तो बोलूनच व्यवहार करतो.

"गुरुजी, हाई देखा. बैलबाजार बोलाले बोट ठेवं की हाई येस. आठ दिवसफाईन येस. माले वाटनं, जाहिरात व्हई, मंग तसाच बंद करी टाकं."

मी पट्टीवर बोट ठेवलं. शाळेतल्या शुद्ध मराठीत, एकाखाली एक, चार ओळी होत्या. घर एका खोलीचं, फोनवर बोललं तर आई ऐकणार. अभ्यासाला म्हणून फोन मिळायचा तेवढ्यात पोरीनं न बोलता लिहून ठेवलं होतं. इकडे लिहिलेलं बाबांना तिकडे दिसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांना वाचता येत नाही हेही ठाऊक होतं. तिथलं कोणीतरी वाचून दाखवेल, एवढीच तिची आशा असणार.

मी खालून वर, मोठ्यानं वाचलं. बाबा आई गोळी देत नाही. बाबा गोळी कोठीत आहे किल्ली आईकडे आहे. बाबा माझे पाय खूप दुखतात.

सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "सबसे वर काय लिखेल शे, गुरुजी? पहिला दाणा काय शे?"

"बाबा या," मी वाचलं.

दिवाल्यानं फोन माझ्या हातातून घेतला, खिशात ठेवला, परत काढला. "मन्हा खिसामा व्हतं," तो म्हणाला. "आठ दिवस मन्हा खिसामाच व्हतं."

 मला जे सांगायचं ते इथे लिहितो. मोबाईलमध्ये देव नाही. तुम्ही आणि तुमच्यासारखीच दुसरी माणसं त्यात लिहितात, काही खरं, काही खोटं, काही पैसे भरून. सगळ्यात वर आलेलं खरं असतंच असं नाही. खाली बघा, कोणी लिहिलंय ते बघा, दवाखान्यात विचारा. डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. आणि वाचायला शिका, निदान घरातल्या पोरानं लिहिलेलं वाचता येईल एवढं तरी.

नेटचा वर्ग मी पुन्हा सुरू केलाय, दर गुरुवारी. या वेळी तिघी आल्या होत्या. दिवाल्या दाराशी बसला होता, अ गिरवत. वर्गाच्या खिडकीतून मांडवाची रांग दिसते, ती सडकेच्या पलीकडे गेली आहे.