नजरेआड सरकवलेली पट्टी

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही यावं. आजची गोष्ट आवाज चढवून सांगण्यासारखी नाही. राजाराणीची नाही, चमत्काराचीही नाही. एका हॉस्पिटलच्या ऑफिसातली आहे. देवानं डोळे दिलेले असताना वर कानही का दिले, याचं मला सुचलेलं उत्तर तिच्यात आहे. पटलं तर घ्या, नाहीतर गोष्ट तेवढी घरी न्या.

त्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या रांगेला लागूनच, वेबसाइटची खोली होती. कुठला डॉक्टर कुठल्या खोलीत बसतो, किती वाजता भेटतो, आज कुठला विभाग बंद, हे सारं तिथून लोकांच्या मोबाइलवर जायचं. लोकांना दिसतो तो साइटचा दर्शनी भाग. मागची बाजू म्हणजे अ‍ॅडमिन पॅनेल. तिथे बसून मजकूर टाकायचा, बदलायचा, पुसायचा. पॅनेल बनवणाऱ्यांनी त्यात जागोजागी जणू मोकळ्या खुंट्या ठोकून ठेवलेल्या असतात. आपल्याला हवी ती सोय आपण घडवायची आणि खुंटीला अडकवायची. त्या अडकवलेल्या सोयीला प्लगइन म्हणतात.

ही प्लगइन घडवायची बारकी. खरं नाव वेगळंच होतं, पण पहिल्याच दिवशी दादानं "बारके, इकडे ये" अशी हाक मारली आणि ती चिकटली. दादा म्हणजे विभागप्रमुख. बारकीचा सख्खा भाऊ नव्हे, पण कोड कसा लिहायचा आणि लिहिलेला पुसायला कसं कचरायचं नाही, हे तिला त्यानंच शिकवलं. घरी आईला ती सांगायची, "माझा भाऊ असता तर असाच असता."

आणि तिसरी मावशी. ही मात्र दादाची सख्खी मावशी. त्याची आई गेल्यावर तिनं त्याला लहानाचा मोठा केला. पुढे त्यानं तिला इथे मजकूर लिहायला आणलं, आणि सगळं ऑफिसच तिला मावशी म्हणू लागलं.

मावशीची नजर हळूहळू अधू झाली. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. तेव्हा बारकीनं तिच्यासाठी 'बोलकी' घडवली. पॅनेलवर जे जे असेल ते वरपासून खालपर्यंत कानात वाचून दाखवणारं प्लगइन. मावशी हेडफोन लावून बसायची, चुका ऐकून पकडायची आणि वर शेरा मारायची, "तुझी ही बया माझ्या सासूसारखी बोलते गं. सगळं खरं, पण गोडवा म्हणून नाही."

त्यानंतर दादानं एक काम सांगितलं. "नवीन मुलं एवढी बटणं बघून गांगरतात. ज्याला जे लागत नाही, ते त्याला दिसूच नये."

बारकीनं त्यात जीव ओतला. बटण नुसतं काढलं तर भोक दिसतं आणि माणूस विचारतो, इथे काय होतं? म्हणून तिनं ते पारदर्शक केलं, स्क्रीनच्या कडेपलीकडे सरकवलं आणि खालचं सगळं वर ओढून घेतलं. प्लगइनचं नाव ठेवलं 'पडदा'. कुणापासून काय झाकायचं, ती नावं भरायचा अधिकार दोघांनाच: तिला आणि दादाला.

"झाकलंय हेसुद्धा त्याला कळणार नाही," ती म्हणाली.

"शाब्बास बारके!" दादानं पाठ थोपटली. ती दिवसभर हवेत होती.

शुक्रवारी सकाळी मावशीनं हाक मारली. "बारके, तुझी बया आज भलतंच बरळतेय."

"काय म्हणते?"

"म्हणते, सोमवारपासून बोलकी बंद. मजकुराचं काम बाहेरच्या कंपनीकडे. आणि शेवटी 'वाचलं' म्हणते. कुणी वाचलं? काय वाचलं?"

बारकीनं स्क्रीनवर पाहिलं. वरची जागा कोरी होती. "जुन्या चाचणीचा मजकूर अडकला असेल, मावशी. बघते."

"चाचणी कर बाई, पण जरा शुभ बोलून कर!"

दोघीही हसल्या. बारकी हसतच जागेवर आली, चूक शोधायला स्वतःच्या पॅनेलवर बोलकी सुरू केली आणि हेडफोन लावला.

'सूचना,' बोलकी म्हणाली. 'सोमवारपासून बोलकी बंद. मजकुराचं काम बाहेरच्या कंपनीकडे. बटण, वाचलं.'

तिच्याही स्क्रीनवर वर काहीच नव्हतं. आता मात्र तिचं हसू मावळलं. बोलकी स्क्रीनवरचं दिसणं वाचत नाही, पानात जे ठेवलंय ते वाचते. म्हणजे ही सूचनेची पट्टी पानात होती. पडद्यानं ती कडेपलीकडे सरकवली होती, आणि सरकवलेलं बोलकीला ऐकू येतं हे घडवणारीच्याही ध्यानात आलं नव्हतं. पडदा तिनं फक्त डोळ्यांनी तपासला होता.

शेजारी डिझाइनवाला बसायचा. ती म्हणाली, "तुझा स्क्रीन इकडे वळव."

"कशाला?"

"वळव रे."

त्यानं वळवला. वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळी धमक पट्टी.

"कधीपासून आहे ही?"

"झाले काही दिवस." तो कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला. "दादा म्हणाला, तुम्हा दोघींना तो स्वतः सांगेल. आम्हाला वाटलं, सांगितलं असेल."

"वाटलं असतं तर विचारलं असतंस. काल माझ्या डब्यातलं खाताना तोंड चालतच होतं तुझं."

खोलीतल्या बाकीच्यांच्या माना एकदम आपापल्या कामात गेल्या. म्हणजे रोज सकाळी हे सगळे ती पट्टी बघत होते, 'वाचलं'वर बोट ठेवत होते, आणि मग तिच्याशी चहाच्या गप्पा मारत होते.

दादाच्या केबिनचं दार उघडंच होतं.

"पडद्यात आमची नावं तू भरलीस?"

त्यानं चष्मा काढला. "बस आधी."

"भरलीस का, एवढंच सांग."

"भरली. वरून निर्णय झालाय, बारके. नव्या पॅनेलला असल्या खुंट्याच नाहीत, बोलकी त्यात बसत नाही. तुझी नोकरी शाबूत आहे, ते मी आधी पाहिलं. तू हळवी आहेस, रडून गोंधळ घातला असतास. आणि मावशीला... मावशीला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"जेवायला कुठे जातोस रोज?"

तो मावशीच्याच हातचं जेवायचा.

"मला कळलं कसं, ते तरी विचार," ती म्हणाली. "मावशीनं ऐकलं. बोलकीनं वाचून दाखवलं."

दादा खुर्चीतून अर्धा उठला. "ऐकलं? तिला समजलं?"

"नाही. तिला वाटतंय माझी काहीतरी चूक आहे."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास बारकीनं पाहिला. मग तो पुढे झुकून हलकेच म्हणाला, "मग आधी ते आवाजाचं दुरुस्त कर ना. एक ओळ तर आहे. आजचा दिवस निघू दे, सोमवारी मी सांगतो. देवाशपथ."

अहो, नावं भरली तेव्हा तिला लागलंच होतं; पण खरी सुरी आत गेली ती या वाक्यानं. जिनं त्याला घास भरवले तिच्या कानापर्यंत पोचलेलं खरंही त्याला आता बंद करायचं होतं, आणि तेही हिच्याच हातानं. वर शपथ घ्यायला देव आहेच. बिचारा परमेश्वर! किती जणांच्या सोमवारासाठी जामीन राहतो.

"एकच ओळ आहे," बारकी म्हणाली आणि बाहेर आली.

जागेवर बसून तिनं पडदा उघडला. दादानं भरलेली दोन नावं तिथे एकाखाली एक होती. आवाज बंद करणारी ओळ तिनं लिहिली नाही. दोन्ही नावं पुसली. तिच्या स्क्रीनवर पिवळी पट्टी उगवली; पलीकडे मावशीच्याही. मग खुर्ची ओढून ती मावशीशेजारी बसली आणि तिच्या कानावरचा हेडफोन तिनं अलगद काढला. हे त्या बयेकडून नको, माणसाच्या तोंडून जावं म्हणून.

तिनं सगळं सांगितलं. नावं कुणी भरली, तेसुद्धा.

मावशी बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. तिला तो पिवळा रंग तेवढा दिसत असावा. "काल रात्री ताटावर बसला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मावशी, आमटी छान झालीय. मला वाटलं, खुशीत आहे पोरगा."

केबिनचं दार आता लोटलेलं होतं. दादा बाहेर आला नाही.

"घरी चल, मावशी. मी सोडते."

"थांब. सोमवारचं पान राहिलंय."

"ते आता कंपनी करेल!"

"कंपनी सोमवारी यायची. माणसं पहाटे घरून निघतात गं, लांबून. त्यांनी बघायचं कुठे?" तिनं हेडफोन पुन्हा चढवला. एकेक ओळ ऐकत, थांबत, दुरुस्त करत तिनं सोमवारचं पान पुरं केलं. हाडांचे डॉक्टर खोली बदलून बसणार होते. ते तिनं दोनदा ऐकून घेतलं. बारकी शेजारी बसून राहिली. तिला रडू आलं ते दादाच्या नावानं की स्वतःच्या, तिचं तिलाच उमगलं नाही. तो पडदा शेवटी तिच्याच हातचा होता.

संध्याकाळी दोघी हात धरून बाहेरच्या पायऱ्या उतरून गेल्या. दादा मागे उभा होता. त्यानं हाक मारली नाही, आणि मावशीनंही, ओळखीची पावलं ऐकूनसुद्धा, मान वळवली नाही.

एवढीच गोष्ट. आता माझं एक मागणं. कधी कुणाला दवाखान्यात घेऊन जाताना मोबाइलवर डॉक्टरची खोली चटकन सापडली, तर आत जाण्याआधी क्षणभर थांबा, आणि सोमवारचं पान पुरं करून उठलेल्या त्या मावशीची आठवण ठेवा.